जरा मनात वाचा!

मुंबईच्या उपनगरांत आवाजाला कुणाची हरकत नसते. जोगेश्वरी पूर्वेला लिंक रोडवरचे ट्रक रात्रभर एकमेकांशी हॉर्नने बोलतात. सकाळी पाववाल्याचा भोंगा, मग भंगारवाला, मग कुणाच्या तरी बाथरूममधलं ड्रिल. लोकलच्या डब्यात एक गृहस्थ मेव्हण्याच्या मूळव्याधीची हकीकत फोन स्पीकरवर टाकून ऐकतो आणि अंधेरी येईपर्यंत अख्खा डबा त्याला पथ्य सुचवतो. या सगळ्याला शेजारधर्म म्हणतात. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, आवडतं पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं, की बायको येऊन कपाळाला हात लावून बघते. त्याच्या.

"बरं वाटतंय ना?"

"वाचतोय."

"मग जरा मनात वाचा!"

प्राथमिक शाळेत याच गोष्टीला 'प्रकट वाचन' म्हणत आणि त्याला मार्क असत. शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे असा बाईंचा दंडक होता. मग एके दिवशी, बहुधा चौथीत, तोच गुण दुर्गुण ठरतो. 'ओठ न हलवता वाच' असं फर्मान निघतं आणि पोराचं तोंड जे मिटतं ते मिटतंच. पुन्हा परवानगी मिळते ती निवृत्तीनंतर, तीही पोथीपुरती. श्रावणात हरिविजय वाचा, सात दिवसांचा गुरुचरित्राचा सप्ताह करा, लोक पाया पडतात. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत मराठी माणसाने मोठ्याने वाचावं असं वाङ्मय दोनच प्रकारचं: लाइट बिलाची रक्कम आणि औषधाच्या पट्टीवरची तारीख.

हे पूर्वी असं नव्हतं. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचत बसत. ते पाहून संत ऑगस्टिनला इतकं नवल वाटलं की त्याने आपल्या आत्मकथनात त्याची नोंद करून ठेवली. हे गृहस्थ असं मुकाट का वाचत असावेत, यावर त्याने तर्कही केले. एक, घसा जपायचा असेल. दोन, मोठ्याने वाचलं की ऐकणारा मध्येच शंका काढतो, ते टाळायचं असेल. अँब्रोज ब्रह्मचारी होते. त्यांना हा दुसरा अनुभव कुठून आला असेल कोण जाणे.

माझं पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांड्यांची, पुलंची, 'बटाट्याची चाळ'. मुखपृष्ठ कधीच गळून पडलंय, आणि हिने उरलेल्या लाल खणाचं कव्हर शिवून घातलंय (हे लक्षात असू द्या, पुढे यावरून अनर्थ होणार आहे). मनातल्या मनात ते इतक्यांदा वाचलंय की डोळे आता पानावर थांबतच नाहीत. मोठ्याने वाचायला लागलं की मात्र डोळ्यांची ही लबाडी चालत नाही. प्रत्येक शब्दाचं भाडं भरावं लागतं. एरवी ओलांडून गेलेला 'तर' आणि 'म्हणे' तोंडात येतो आणि कळतं की सगळी गंमत त्या 'म्हणे'तच दडवून ठेवली होती. सोकाजीनाना त्रिलोकेकरांना एक आवाज लावावा, अण्णा पावशेंना दुसरा, बायकांसाठी आवाज चढवावा, पोरांसाठी नाकात बोलावं. आपल्या घशात एवढे भाडेकरू राहतात हे ऑफिसात बत्तीस वर्षं 'येस सर' म्हणणाऱ्या माणसाला ठाऊकच नसतं.

एक अडचण आहे. पुढचं वाक्य काय आहे ते मला माहीत असतं. त्यामुळे विनोद दोन ओळी लांब असतानाच मला हसू फुटतं. प्रत्यक्ष वाक्यापाशी पोचेपर्यंत चष्म्याला वाफ धरलेली असते, खांदे हलत असतात, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते एवढंच: "आणि मग ते म्हणाले... ह्या ह्या ह्या... म्हणाले की... थांब, थांब..."

"काय म्हणाले?" ही विचारते.

"ह्या ह्या ह्या."

"नंतर सांगा. पाणी सुटलंय."

हिला वाचून दाखवायचं म्हणजे एक शास्त्र आहे. मी घसा खाकरतो, पाण्याचा पेला जवळ घेतो, "ऐक हं" म्हणतो. "ऐकतेय, वाचा," असं स्वयंपाकघरातून उत्तर येतं. अर्धं पान होतं. मोठ्या नाट्यमय विरामानंतर मी वर बघतो.

"किती झाल्या?" ही विचारते.

"काय किती झाल्या?"

"शिट्ट्या."

"मी वाचत होतो."

"मग मोजायच्या कुणी?"

रात्री वाचलं तर तिसऱ्या ओळीला तिचा डोळा लागतो. कलावंताचा अपमान गिळून मी पुस्तक मिटतो, तोच अंधारातून प्रश्न येतो, "थांबलात का?"

"तू झोपली होतीस."

"म्हणूनच विचारतेय. वाचा. आवाज बंद झाला की जाग येते."

तेव्हापासून या घरात माझी नेमणूक पंख्याच्या हुद्द्यावर झाली आहे. मुलाकडे दाद मागायला गेलो, तर त्याने कानातलं एक बोंडूक काढून सहानुभूतीने ऐकून घेतलं. "बाबा, ऑडिओबुकं असतात आता. स्पीड दीडपट करता येतो."

"मलाही करता येतो."

"तुम्हाला म्यूट करता येतं का?"

आमच्या इमारतीच्या भिंतींतून फोडणीचा वाससुद्धा शेजारी जातो, तिथे सोकाजीनाना किती वेळ आत राहणार? एका रविवारी मी चाळीतलं भांडण रंगात येऊन वाचत होतो, दोन्ही बाजूंनी, त्यात बायकी आवाज जरा चढलाच होता. बेल वाजली. शेजारच्या वहिनी दारात. नजर माझ्या खांद्यावरून आत.

"सगळं ठीक ना? नाही, कुणी पाहुण्या आल्यात का? फारच बोलत होत्या तुम्हाला."

हिच्याशी मात्र त्या जिन्यात बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. त्यानंतर आठवडाभर हिला मजल्यावरून आयती भाजी येत होती. ती आम्ही दोघांनीही खाल्ली.

मग सेक्रेटरी आले. म्हणाले, "तक्रार आहे. उपविधींत बसत नाही."

"पुस्तक वाचणं बसत नाही?"

"तसं स्पष्ट नाहीये. पण गच्चीत पापड वाळत घालण्याबद्दल एक कलम आहे, त्यात घेता येईल."

याच्या उलट अनुभव वरच्या मजल्यावरून आला. उजेडासाठी मी खिडकीशी पाट मांडून बसतो. मांडीवर लाल कापडातलं पुस्तक. त्या दिवशी 'उपास' हे प्रकरण चाललं होतं. वजन उतरवायला निघालेल्या माणसाची ती हकीकत, साहजिकच दर दोन वाक्यांनी उपास. वरच्या काकूंच्या कानावर खिडकीतून तेवढाच शब्द पडत असावा. संध्याकाळी त्या नारळ घेऊन आल्या. वाकून पुस्तकाला नमस्कार केला. मला जरा उशीरच झाला सांगायला, कारण त्यांनी एकामागून एक प्रश्न सोडले. व्रत कुठलं? साबुदाणा चालतो का? पाळायचं कुठल्या वारी? आणि समाप्ती कधी, म्हणजे जेवायला किती माणसं धरताय? मी सांगायला तोंड उघडलं, तर हिने मागून चिमटा काढला. नारळ मोठा होता.

या सगळ्यावर माझा एक युक्तिवाद असे. जोगेश्वरीत पुलं मोठ्याने वाचायचा हक्क आमचा आहे, कारण माणूस मुळात आमचा. जन्म 1919 सालचा, गावदेवीचा, पण लहानपणीची वर्षं गेली ती जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत. आठेक वर्षांचे झाल्यावर कुटुंब पार्ल्याला गेलं. तरी पुढे कॉलेजला परत आमच्याकडेच, 1930 साली सुरू झालेल्या टेकडीवरच्या इस्माईल युसुफ कॉलेजात! पण हे कुणाला सांगायला जावं तर "छे, पुलं म्हणजे पार्लं" असं ऐकू येतं. पार्ल्याच्या लोकांनी दोन स्टेशनांच्या अंतरावरून आमचा एवढा ऐवज उचलून नेला आणि आम्ही काय केलं? स्लो गाडीची वाट बघत राहिलो.

घरात जमत नाही म्हणून बाहेर पडलो. जोगेश्वरीला सहाव्या शतकातल्या शैव गुंफा आहेत, बाहेर माणसांची दाटी आणि आत प्रशस्त थंडगार अंधार. खांबांपाशी उभं राहून पहिलं वाक्य उच्चारलं आणि अंगावर काटा आला. काय घुमला आवाज! घरी बेसुरा वाटणारा माझा घसा तिथे एकदम खानदानी झाला. पाहता पाहता देवीच्या दर्शनाला आलेल्या दोन म्हाताऱ्या बायका समोर बसल्या, पदर डोक्यावरून घेऊन. मी हसलो की त्या हात जोडत. कोपऱ्यातलं एक तरुण जोडपं मात्र हे आपल्यालाच उद्देशून चाललंय असं समजून उठून गेलं. शेवटी एक गृहस्थ आले, कॅमेरा कुठे लपवलाय म्हणून इकडेतिकडे बघून म्हणाले, "शूटिंगची परमिशन आहे का?" मुंबईत माणूस एकटाच मोठ्याने बोलत असेल तर तो एकतर वेडा असतो किंवा त्याची सीरियल येत असते.

श्यामनगर तलावाच्या बाजूला सकाळी फिरणारे असतात. त्यांतले काही गोल करून, हात वर नेऊन 'हो हो हा हा हा' करतात. हे हास्यक्लबचं लोण मूळचं इथलंच. 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालाच्या एका बागेत पाचेक जणांना घेऊन ते सुरू केलं आणि जगभर पसरवलं. सुरुवातीला तिथे रोज विनोद सांगत. काही दिवसांत विनोद संपले, मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. ही हकीकत वाचून माझा जीव तळमळला. अहो, विनोद संपले कसे? इथे अख्खं पुस्तक आहे! मी लाल कव्हर काखेत मारून त्या गोलापाशी गेलो आणि रोज दोन पानं वाचून दाखवायची तयारी दर्शवली. क्लबचे प्रमुख गंभीर झाले.

"विनोद नको हो. लोक मधेच हसतात. व्यायामाची लय बिघडते."

या वळणावर मला समदुःखी भेटले. बाजूच्या विंगमधल्या एका निवृत्त मास्तरांनी हळूच सांगितलं की तेही वाचतात, पण नळ सोडून. गच्चीच्या टाकीमागे एक बाई नाटकातली स्वगतं म्हणतात हेही कळलं. तेव्हा ठरलं की दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात अभिवाचन करायचं. बातमी पसरली आणि खुर्च्या कमी पडल्या. मी भारावून गेलो. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात पिशवी आहे, आणि प्रत्येक पिशवीत पुस्तक. वाचायला सगळे आले होते. ऐकायला कुणीच आलं नव्हतं.

अध्यक्ष हवाच म्हणून सर्वांत ज्येष्ठ काकांना अध्यक्ष केलं. त्यांनी वाचनसंस्कृती लोप पावत असल्याबद्दल इतका वेळ खंत व्यक्त केली की वाचायला वेळ उरेना. मग एका खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ उठले. त्यांनी प्रेमकथा अशी वाचली की प्रत्येक परिच्छेदानंतर सही-शिक्का मारावासा वाटला. त्यानंतर आली ती वही. पुस्तक नव्हे, वही. प्रत्येक अभिवाचनात एक वही असते, तिच्यात स्वतःच्या कविता असतात, आणि ती 'फक्त दोनच' म्हणत उघडली जाते. त्या वेळात चहा झाला, वडे झाले, आणि दोघा सभासदांमध्ये पार्किंगवरून बोलाचाली होऊन समेटही झाला.

माझी पाळी आली. 'व्यक्ती आणि वल्ली' नेलं होतं. 1965 सालचं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेलं पुस्तक, म्हणजे पापडाच्या कलमात घेता येऊ नये. अंतू बर्वा काढला. दोन वाक्यं होतात न होतात तोच तळमजल्यावरचे रत्नागिरीकर काका म्हणाले, "हेल चुकतोय. आमच्याकडे शेवट असा उचलतात." त्यांनी उचलून दाखवला. त्यावर सावंतवाडीकडच्या वहिनी म्हणाल्या, "खंय उचलतत?" रत्नागिरी आणि सावंतवाडी यांच्यातला तो वाद अध्यक्षांनी देवगड हापूसवर नेऊन मिटवला. पुढे वाचू लागलो.

"इथे पुलं थांबतात," मागून आवाज आला.

थांबलो.

"एवढे नाही थांबत."

पुलं मोठ्याने वाचणाऱ्याचं खरं दुःख हे आहे. 'बटाट्याची चाळ' पुस्तक म्हणून 1958 साली आली आणि 1961 साली लेखक स्वतःच ती घेऊन रंगमंचावर उभा राहिला, एकटा. मग कॅसेटी निघाल्या. त्या मराठी घरांत इतक्या वाजल्या की लोकांना मजकूर तर पाठ आहेच, पण पुलं श्वास कुठे घेतात, प्रेक्षागृहात कोण कुठे खोकलं, हेही पाठ आहे. तिथे आपण खोकलो नाही तर श्रोत्याला चुकल्यासारखं वाटतं. एकाने तर मोबाइलवर मूळ ध्वनिमुद्रण लावलं, 'तुलनेसाठी'. तुलना झाली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पुलंना.

क्युबातल्या विडीकामगारांचा, म्हणजे सिगारकामगारांचा, मला तेव्हा फार हेवा वाटला. हवानातल्या सिगार कारखान्यांत 1865 पासून एक माणूस उंच आसनावर बसून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवतो, सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. हात पानं वळत असतात आणि कान कथेत असतात. वाचणाऱ्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून देत. ड्यूमाची 'काउंट ऑफ मोंतेक्रिस्तो' त्यांना एवढी आवडली की पुढे त्या नावाची सिगारच निघाली. ऐकणारे पैसे देतात! इथे वडे माझे होते.

मंडळ बंद पडायच्या बेतात असताना सेक्रेटरींनी ते वाचवलं, अजाणता. इमारत पुनर्विकासाला जाणार होती आणि बिल्डरने कराराचा मसुदा पाठवला होता. प्रत्येकाला एकेक झेरॉक्स मिळाली होती, प्रत्येकाने ती 'नजरेखालून घातली' होती, आणि सगळं ठीक आहे असं सर्वांचं मत होतं. "तुम्हाला नाहीतरी मोठ्याने वाचायची खोड आहेच," सेक्रेटरी मला म्हणाले, "तर रविवारी हेच वाचा ना."

मी वाचला. आणि वाचकांनो, काय ती शांतता! कार्पेट एरियाच्या परिच्छेदाला लोकांनी श्वास रोखले. कॉर्पस फंडाच्या आकड्यावर 'पुन्हा एकदा' अशी फर्माईश आली. कुणी हेल सुधारला नाही. वहीवाले कवी टिपणं घेत होते. मधे एका उपकलमाशी माझी जीभ अडखळली. परत वाचलं, परत अडखळली. मास्तर म्हणाले, "थांबा. याचा अर्थ काय झाला?" अर्थ असा झाला की आम्हाला मिळणारं भाडं 'वाजवी मुदतीपर्यंत' होतं आणि वाजवी किती ते बिल्डर ठरवणार होता. चाळीस जोडी डोळे त्या ओळीवरून सुखरूप घसरून गेले होते. एका जिभेला ते जमलं नाही.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोगच केलेत. मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्याने वाचलेले शब्द जास्त लक्षात राहतात, असं त्यांना आढळलं. ही माहिती मी हिला मोठ्याने वाचून दाखवली. "मग काल भाजी काय आणायला सांगितली होती?" हिने विचारलं. मी म्हटलं, ती यादी तू मला वाचून दाखवली होतीस. ज्याने वाचलं त्याच्या लक्षात राहणार. विज्ञानापुढे ही कधी नव्हे ती गप्प बसली.

करार दुरुस्त होऊन आला. इमारतीत आता माझ्या आवाजाला प्रतिष्ठा आहे. इन्शुरन्सची पॉलिसी, मुलीच्या सासरचं पत्र, डॉक्टरांचा रिपोर्ट, काहीही घेऊन लोक येतात आणि म्हणतात, "काका, जरा मोठ्याने वाचा, काही खटकतंय का बघू." मी वाचतो. मग चहा पिता पिता मी हळूच लाल कव्हराकडे हात नेतो, आणि माणसांना एकदम गॅस चालू राहिल्याची आठवण होते.

तर आता सरळ विनंतीच करतो. जोगेश्वरी पूर्वेला, स्टेशनपासून चालत जमेल अशा अंतरावर, एक श्रोता हवा आहे. वयाची, शिक्षणाची, जिल्ह्याची अट नाही. रविवारी संध्याकाळी पाच वाजता यावं. चहा आणि वडे मिळतील. झोप लागली तरी चालेल, मी थांबणार नाही. मात्र स्वतःची वही घरी ठेवून यावं, आणि पुलं कुठे थांबतात ते मला सांगू नये.